पहिला घडीचा चाकू : नमुना शोधायचा कसा?



परीक्षा जवळ आली की वर्गात एक मागणी हमखास येते. "सर, नमुना निबंध द्या ना!" मी देतो. नमुना मागण्यात काही वाईट नाही. शिंपी फर्मा ठेवून कापड कापतो, सुतार जुन्या खुर्चीचं माप घेऊन नवी खुर्ची करतो, आणि रांगोळी काढणारी मुलगीसुद्धा आधी आजीचे ठिपके मोजते.

पण नमुना बघायचा कसा, हे मी तुम्हाला कधी नीट शिकवलं नाही. खरं सांगायचं तर ते मलाच नीट कळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने एक घडीचा चाकू करायचा ठरवला आणि त्याच्यासाठी नमुना शोधायला निघालो, तेव्हा ते थोडंफार कळलं. आजचा लेख त्या चाकूवर आहे.

सुरुवातीलाच एक सूचना. यातलं पुठ्ठ्याचं आणि कंपासपेटीचं काम तुम्ही घरी बिनधास्त करा. पोलाद, ड्रिल आणि भट्टीचं काम मोठ्या माणसांचं आहे, आणि तेही जाणत्याच्या देखरेखीखाली करायचं. चाकू ही शाळेत आणायची वस्तू नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आधी चाकू समजून घेऊ

घडीचा चाकू तुम्ही कुणाच्या तरी खिशात पाहिलेला असेल. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं, ते अर्ध्यावर येतं, मग 'टक्' असा आवाज होऊन पूर्ण उघडतं. मिटताना पुन्हा 'टक्'. यात कुठेही कुलूप नसतं. पातं उघडं ठेवते ती फक्त पाठीमागची एक पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग. जोर दिला की पातं मिटतं. या रचनेला स्लिपजॉइंट म्हणतात.

दिसायला सारखे असले तरी सगळे घडीचे चाकू या जातीचे नसतात. रामपुरीसारख्या चाकूत उघडलेलं पातं खटक्याने अडकून राहतं. फ्रान्सचा ओपिनेल १८९० च्या सुमाराचा, पण त्याला पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये लागली. जपानच्या हिगोनोकामीला तर स्प्रिंगच नसते, पातं नुसत्या घर्षणावर आणि अंगठ्याच्या दाबावर उभं राहतं. नमुना शोधताना पहिली चूक इथेच होते. आपण बाहेरचा आकार बघून भुलतो आणि भलत्याच जातीचा चाकू समोर ठेवून बसतो.

साध्या, एका पात्याच्या स्लिपजॉइंटमध्ये भाग मोजकेच असतात. एक पातं, एक स्प्रिंग, त्यांच्या दोन्ही अंगांना पितळेचे किंवा लोखंडाचे दोन पातळ पत्रे, त्यांच्यावर मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या, आणि हे सगळं धरून ठेवणाऱ्या तीन पिना. पहिली पिन पात्याच्या बुडातून जाते, पातं तिच्याभोवती फिरतं. दुसरी स्प्रिंगच्या मध्यावर, तिसरी शेपटाकडच्या टोकाला. म्हणजे स्प्रिंग मागे दोन ठिकाणी बांधलेली आणि पुढे मोकळी. ते मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसतं. चाकूचा सगळा जीव त्या दाबात असतो.

पहिला प्रयत्न : चित्रावरून

मला वाटलं, एवढंच ना! एका अमेरिकन ट्रॅपर चाकूचं छान रेखाचित्र मिळालं. ट्रॅपर म्हणजे शिकारी लोकांचा, मिटलेला साधारण सव्वाचार इंच लांब आणि मुळात दोन पात्यांचा चाकू. मी त्यातलं एक पातं गाळलं, चित्र छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि कापलं.

पहिला घोळ छपाईत. छापणाऱ्या यंत्राने चित्र कागदात मावावं म्हणून आपणहून लहान केलं होतं. १०० मिलिमीटरची रेघ मोजली तर ९४ भरली. तेव्हापासून मी कुठलाही नमुना छापताना त्याच्या बाजूला १०० मिमीची एक रेघ आधी मारतो आणि छापल्यावर पट्टी लावून बघतो. तुम्हीही मारा. नकाशा असो, विज्ञानाची आकृती असो, ही रेघ खोटं बोलू देत नाही.

दुसरा घोळ मोठा. पुठ्ठ्याचं पातं आणि स्प्रिंग टाचण्यांनी थर्मोकोलवर बसवून फिरवलं. उघडं असताना सगळं छान. मिटायला गेलो तर पात्याचं टोक मुठीच्या वर डोकावतंय आणि मधली धार स्प्रिंगवर टेकतेय. पिनेचं भोक जरा सरकवलं, तर टोक आत गेलं पण उघडल्यावर पातं वाकडं. पुन्हा सरकवलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. एका रविवारात सहा पुठ्ठे वाया गेले.

सोमवारी शाळा सुटल्यावर ते सगळे पुठ्ठे घेऊन मी आमच्या गावातल्या एका वर्कशॉपवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून चित्र बघितलं आणि म्हणाले,

"गुरुजी, हे चाकूचं चित्र आहे. चाकूचा फर्मा नाही हा."

"फरक काय, मिस्त्री?"

"चित्रात बाहेरचं दिसतं. तुम्हाला पाहिजे आतलं."

मी तसाच परत आलो. वर्गात मी तुम्हाला नेमकं हेच सांगत असतो, आणि चाकूच्या बाबतीत मीच विसरलो होतो.

मग नमुने मिळतात कुठे?

नमुन्यांची कमतरता नाही. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे शहर शेकडो वर्षं चाकू-कात्र्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या कारागिरांची रीतसर संघटना १६२४ साली स्थापन झाली. १८१६ मध्ये जोसेफ स्मिथ यांनी शेफिल्डमध्ये बनणाऱ्या हत्यारांच्या चित्रांचं एक पुस्तकच काढलं. जर्मनीत झोलिंगन, फ्रान्समध्ये तिएर, इटलीत मानियागो, अशी चाकूंची गावं आहेत. शेतकऱ्याचा, खलाशाचा, गुराख्याचा, लेखणी तासणाऱ्या कारकुनाचा, प्रत्येकाच्या कामाप्रमाणे पात्याचा आणि मुठीचा आकार ठरत गेला. आपल्याकडेही बोरूने लिहायचे तेव्हा बोरू तासायला चाकू लागायचाच.

हे सगळं वाचून माझ्या लक्षात आलं की पहिल्या चाकूसाठी नमुना निवडताना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : पाती किती? एक पातं, एक स्प्रिंग. यापेक्षा जास्त नको. दोन पाती एका स्प्रिंगवर बसवायची म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला भोवते.

दुसरा प्रश्न : मुठीची रेषा कशी आहे? सरळ किंवा किंचित वाकलेली बरी. सॉड बस्टर नावाचा शेतकरी चाकू नवशिक्यांना सुचवतात तो याचसाठी. त्याच्या मुठीच्या टोकाला धातूचे जाड तुकडेही नसतात. बार्लो चाकूची रचना साधी, पण त्याच्या पुढच्या टोकाला लांब धातूचा तुकडा असतो, म्हणजे एक काम वाढलं.

तिसरा प्रश्न, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा : हा चाकू मला हातात घेऊन उघडमीट करून बघता येईल का? चित्र दहा मिळतील. हातात धरता येणारा एकच चाकू त्या दहा चित्रांना भारी.

आणि असा एक चाकू आमच्या घरात होता.

अण्णांचा चाकू

आमचे अण्णा कलमं बांधायचे. पावसाळा सुरू झाला की कोकणात कोय कलमांची धांदल असते. आंब्याची कोय रुजून तांबूस कोवळ्या पानांचं रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप घ्यायचा, ती काडी चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च गुंडाळायची. काप एका ओढीत आणि सपाट यायला हवा. खडबडीत आला की सालीला साल भिडत नाही आणि कलम मरतं. म्हणून कलमाच्या चाकूची धार सरळ असते आणि एकाच अंगाने घासलेली असते.

अण्णांचा चाकू असा होता. शिसवीची मूठ हाताच्या घामाने काळी झालेली, पात्यावरचं नाव घासून गेलेलं. अण्णा गेले त्याच्या आधी वर्षभर त्याची स्प्रिंग तुटली. पातं लुळं पडलं. तेव्हापासून चाकू आईच्या कपाटात, अण्णांच्या चष्म्याशेजारी.

मी तो बाहेर काढला. मूठ १०० मिमी, धार ६८ मिमी. पातं एक, स्प्रिंग एक, मूठ सरळ. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच होती. बाहेरची रेघ कागदावर उतरवून घेतली. पण पात्याचं बूड आणि स्प्रिंग यांची जुळणी पत्र्यांच्या आड. ती बघायची तर चाकू उघडायला हवा, आणि उघडायचा म्हणजे पिनांची ठोकून पसरवलेली डोकी कानशीने घासून टाकायची, मग पंच लावून पिना बाहेर काढायच्या. त्या पिना परत वापरता येत नाहीत. लाकूड जुनं, तडकलं तर तडकलं.

दोन आठवडे मी चाकू नुसता टेबलावर ठेवून बसलो. शेवटी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"आई, अण्णांचा चाकू खोलून बघू का? परत होता तसा बसेलच, असं नाही सांगता येत."

"खोलल्याशिवाय आतलं दिसणार नाही ना?"

"नाही."

"मग खोल. अण्णांनीपण खोललेला की."

मला वाटलं, ती पातं उघडण्याबद्दल बोलतेय. मी फार लक्ष दिलं नाही.

पिना निघाल्या. लाकूड तडकलं नाही. पत्रा उचलला आणि आत स्प्रिंगचे दोन तुकडे दिसले. तुकडा पुसून उजेडात धरला तर त्याच्या अंगावर बारीक तिरक्या रेघा, एकीला एक छेदणाऱ्या. मी त्या ओळखल्या. ते कानशीचे दात होते. घासून बुजवलेले, पण पूर्ण न गेलेले. म्हणजे ही स्प्रिंग कारखान्यातली नव्हतीच. कुणीतरी जुन्या कानशीतून ती कापून काढली होती.

मी आईपुढे तुकडा धरला. ती म्हणाली, "मग, सांगितलं ना तुला? पंधरा दिवस ओटीवर घासत बसायचे. तुटलेल्या पट्टीचे तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून चिकटवलेले, आणि त्यावर ठेवून ठेवून बघायचे. नवा घ्यायचा तर पैसे कुठे होते? त्या वर्षी तुला तालुक्याच्या शाळेत घातलेलं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अण्णांनी कधी सांगितलं नाही. मी तेव्हा सातवीत. तो चाकू त्यांनी पुढे कितीतरी पावसाळे वापरला.

वर्तुळ आणि स्पर्शिका

आता आतली गंमत. दहावीच्या मुलांनी इथे जरा लक्ष द्या, कारण हे तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे.

चांगल्या स्लिपजॉइंटमध्ये चाकू उघडा असो, अर्धा असो की मिटलेला, तिन्ही वेळी स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी एका रेषेत राहते. बोट फिरवलं तर कुठे उंचवटा लागत नाही. अण्णांच्या चाकूचं बूड मोजलं तेव्हा हे कसं जमतं ते दिसलं. बूड चौकोनी होतं. उघड्या चाकूत त्याची वरची बाजू स्प्रिंगखाली असते, अर्ध्यावर मागची बाजू स्प्रिंगखाली येते, मिटल्यावर खालची. या तिन्ही बाजू पिनेच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर होत्या : ५ मिमी.

आता कंपास घ्या. पिनेचा मध्य हे केंद्र माना आणि ५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळाला वरून, मागून आणि खालून अशा तीन स्पर्शिका काढा. स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते, म्हणून केंद्रापासून प्रत्येकीचं अंतर ५ मिमीच. झालं पात्याचं बूड! ते ९० अंशांतून फिरवा, पुढची बाजू नेमकी आधीच्या बाजूच्या जागी येते. माझ्या सहा पुठ्ठ्यांत नेमकं हेच चुकत होतं. मी भोक नजरेने पाडत होतो आणि मग चुकलेलं भोक इकडेतिकडे सरकवत होतो.

मग मधल्या वेळी काय होतं? चौकोन फिरताना त्याचा कोपरा स्प्रिंगला वर ढकलतो. केंद्रापासून कोपऱ्याचं अंतर किती? पायथागोरसचं प्रमेय लावा. ५ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७.०७ मिमी. म्हणजे स्प्रिंग २ मिमीपेक्षा थोडी जास्त उचलली जाणार. एवढ्या आखूड पट्टीला हे जड जातं, आणि चाकूही नखाला झेपत नाही. म्हणून कोपरे गोल करतात. अण्णांच्या चाकूत कोपरा केंद्रापासून साधारण ६.२ मिमीवर होता, म्हणजे स्प्रिंग फक्त १.२ मिमी उचलली जायची. 'टक्' आवाज राहतो, नखही शाबूत राहतं.

आणखी एक बारकावा. बुडाच्या खालच्या अंगाला, धार सुरू होण्याच्या आधी, एक छोटा उंचवटा असतो. चाकू मिटला की हा उंचवटा स्प्रिंगवर टेकतो आणि धारेला स्प्रिंगपासून वर धरून ठेवतो. उंचवटा जास्त ठेवला तर पात्याचं टोक मुठीबाहेर राहतं. जास्त घासला तर धार स्प्रिंगवर आपटून बोथट होते. म्हणून नमुन्यात तो मुद्दाम थोडा मोठा ठेवायचा आणि चाकू जुळवताना कानशीचा एकेक हात देत कमी करायचा. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

पुठ्ठा, मग एक्स-रे, मग पोलाद

पुठ्ठ्यावर हे सगळं जमल्यावर कायमचा फर्मा हवा होता. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात. मिस्त्रींनी युक्ती सांगितली : जुना एक्स-रे. तो कात्रीने कापता येतो, आरपार दिसतो आणि त्याच्या कडा टिकतात. घरात आईच्या गुडघ्याचा एक्स-रे पडून होता. त्यातून पातं, स्प्रिंग आणि पत्रा असे तीन फर्मे कापले. आरपार दिसत असल्याने एकावर एक ठेवून पिनांची भोकं जुळतात का ते बघता येतं. आई शेजारणीला सांगत होती, "माझ्या गुडघ्यातून चाकू काढलान त्याने."

पोलादाला बाजारात ओएचएनएस म्हणतात, तेलात विझवून कडक करायचं. पातं आणि स्प्रिंग एकाच जाडीच्या पट्टीतून काढायचे. कडक केल्यावर पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा हळूहळू तापवून त्याची ठिसूळता कमी करतात. स्वच्छ घासलेल्या पोलादावर तापवताना रंग चढत जातात. पातं पेंढ्याच्या पिवळ्या रंगावर थांबवायचं, स्प्रिंग त्याच्या पुढे निळ्या रंगापर्यंत न्यायची. पात्याने धार धरायची असते, स्प्रिंगने वाकून परत यायचं असतं. पोलाद तेच, काम वेगळं.

चूक नकलायची नाही

आता मी तुम्हाला मुद्दाम मागे ठेवलेली गोष्ट सांगतो.

स्प्रिंगचा एक्स-रे फर्मा मी अण्णांच्या तुकड्यांवरून जसाच्या तसा कापला होता. अभिमानानेच कापला होता. रेघ न् रेघ अण्णांची. तो घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फर्मा बघितला, मग तुकडे मागितले, आणि तुटलेल्या जागी बोट ठेवलं.

स्प्रिंग मधल्या पिनेजवळ जाड असते आणि पुढे मोकळ्या टोकाकडे बारीक होत जाते, म्हणजे ती वाकू शकते. अण्णांच्या स्प्रिंगमध्ये जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथे, आतल्या अंगाला, काटकोनी पायरी होती. पातं उघडताना स्प्रिंग बाहेरच्या बाजूला वाकते, सगळा ताण आतल्या अंगावर येतो, आणि तो त्या कोपऱ्यात गोळा होतो. तडा तिथूनच सुरू झाला होता.

"गुरुजी, कोपरा गोल पाहिजे. हे जसंच्या तसं केलंत तर तुमचीपण इथंच तुटणार."

"पण अण्णांनी असंच केलं होतं."

"त्यांच्यापुढं तुटकी पट्टी होती. जी होती तिचं माप घेतलं त्यांनी. तुमच्यापुढं दोन तुटक्या पट्ट्यांची गोष्ट आहे."

घरी येऊन आईला विचारलं, ती आधीची पट्टी कुठे तुटली होती? तिला एवढंच आठवत होतं की मधून दोन तुकडे झाले होते. कदाचित मूळ पट्टीतही तीच काटकोनी पायरी असेल आणि अण्णांनी ती प्रामाणिकपणे उतरवून घेतली असेल. खात्रीने सांगता येणार नाही. पण मी रात्री बराच वेळ तो फर्मा हातात घेऊन बसलो. अण्णांची रेघ बदलायची म्हणजे त्यांनी चूक केली असं म्हणायचं, आणि ते मला जड जात होतं. मग वाटलं, पंधरा दिवस ओटीवर बसून त्यांनी जे केलं ते चाकू चालावा म्हणून केलं. तो कोपरा तसाच राहावा म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी गोल कानशीने त्या जागी फर्म्याला छोटा वळसा दिला. बाकी एकही रेघ बदलली नाही.

आता तुमच्या निबंधाकडे येतो. गेल्या जुलैत मी वर्गात 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला दिला. चार दिवस झडी लागली होती. कौलांवरून पागोळ्या थांबत नव्हत्या, निम्मी मुलं भिजून आली होती. आणि एकाने लिहिलं, "जमीन भेगाळली होती, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता." नमुना निबंधातून आलेलं वाक्य. ज्याने मूळ लिहिलं त्याच्या गावी ते खरं असेल. आमच्या पोराने खिडकीतून बाहेर बघितलंच नाही.

मी त्याला रागावलो नाही. मीही सहा पुठ्ठे बाहेरच्या रेघेवरून कापले होते आणि सातवा कोपऱ्यासकट. नमुन्यातली प्रत्येक रेघ तिथे का आहे, हे विचारायचं असतं. काही रेघा कामासाठी असतात, त्या घ्यायच्या. काही त्या माणसाच्या गावच्या असतात, त्या जागी आपल्या गावच्या घालायच्या. काही चुकून राहिलेल्या असतात, त्या दुरुस्त करायच्या.

पुढे काय झालं

माझा पहिला चाकू झाला. फार सुबक नाही. अर्ध्यावर असताना स्प्रिंग मुठीच्या किंचित वर येते, नख फिरवलं की कळतं. मी तो धाकट्या चुलतभावाला दिला, त्याची रोपवाटिका आहे. त्याने दोन कलमं बांधून बघितली आणि म्हणाला, "दादा, काप चांगला येतो. पण उघडायला कडक आहे रे. दिवसातून पन्नास वेळा उघडायचा म्हटला तर नख जाईल माझं."

मी फर्मा काढला, स्प्रिंगच्या बारीक भागावर अर्धा मिमी आत नवी रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. दुसरी स्प्रिंग त्या रेघेवरून केली. ती बसली.

अण्णांच्या चाकूलाही नवी स्प्रिंग आणि नव्या पिना घातल्या. तो पुन्हा आईच्या कपाटात आहे, पण आता ती त्याने कधीकधी फणसाच्या आठळ्या सोलते. कानशीच्या रेघांचे ते दोन तुकडे मी पाकिटात घालून एक्स-रेच्या फर्म्यांसोबत खिळ्याला टांगून ठेवलेत.

स्वाध्याय

१. जाड पुठ्ठ्यावर ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा (चाकूच्या दहापट). वर, मागे आणि खाली स्पर्शिका काढून पात्याचं बूड कापा. केंद्रात टाचणी लावून ते फिरवा. वरची कड तीनही वेळा एकाच रेषेत येते का, ते पट्टीने बघा.

२. कोपरा केंद्रापासून किती सेंमीवर आहे ते आधी गणिताने काढा, मग मोजा. दोन्ही उत्तरं वहीत लिहा.

३. कुठलाही एक नमुना निबंध घ्या. प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलने लिहा : हा इथे का आहे? ज्याचं उत्तर सापडणार नाही त्याला गोल करा. मग तोच विषय आपल्या गावचा लिहा.

पुठ्ठ्याची मॉडेलं पुढच्या शनिवारी वर्गात घेऊन या. फक्त पुठ्ठा आणा, चाकू नको!